हप्ता कमी आहे, पण कशामुळे? मेडिक्लेमबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकात कमी हप्त्याच्या मेडिक्लेमविषयीचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरं भारतात लागू असलेल्या नियमांना धरून आहेत. हिशेबातले आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, ते कोणत्याही कंपनीचे दर नव्हेत.

प्रश्न : दोन कोटेशनं हातात आहेत. दोन्हीकडे विमा रक्कम ४ लाख. आम्ही दोघं आणि एक मूल. एकीचा वर्षाचा हप्ता साडेतीन हजारांनी कमी आहे. एजंट म्हणतो, कव्हर तेच आहे, स्वस्तातली घ्या. घ्यावी का?

विमा रक्कम तीच म्हणून कव्हर तेच, असं होत नाही. कंपनी साडेतीन हजार सोडते तेव्हा ते क्लेमच्या वेळी कुठेतरी वळते करून घेते. ती जागा सापडल्याशिवाय सही करू नका. बहुतेकदा ती खोलीभाड्याच्या मर्यादेत असते. तिथे नसेल तर को-पे (मंजूर बिलातला ठरावीक टक्का तुम्ही भरायचा), ठरावीक ऑपरेशनांवरची मर्यादा किंवा शहरांचे झोन, यांत बघा.

खोलीभाड्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात. समज असा असतो की, भाडं मर्यादेपेक्षा जास्त झालं तर वरचा फरक आपण भरू, त्यात काय. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पॉलिसीत भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलात. बिल असं आलं: खोली ४०,०००; सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून १,२०,०००; औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट ६०,०००. एकूण २ लाख २० हजार. विमा ४ लाखांचा आहे, म्हणजे सगळं मिळेल असं वाटतं. मिळतात १ लाख ४० हजार. खोलीचे २०,००० कापले जातात, हे समजू शकतं. पण खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली, म्हणून सर्जन-थिएटरच्या १,२०,००० पैकीही निम्मेच मंजूर होतात. खोलीचा फरक २० हजारांचा आणि खिशातून गेले ८० हजार. साडेतीन हजारांच्या हिशेबाने जवळजवळ तेवीस वर्षांची बचत एका ऑपरेशनमध्ये गेली.

यामागचं कारण असं की, बऱ्याच हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग बदलला की सर्जनची फी आणि थिएटरचा दरही बदलतो. कंपनी म्हणते, वरचा वर्ग तुम्ही निवडलात, तेव्हा त्या प्रमाणात तुम्ही सोसा. पण या कापाकापीलाही हद्द आहे. औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे चार्जेस यांना हे प्रमाण लावता येत नाही. ज्या हॉस्पिटलात सर्व वर्गांना एकच दर आहे, तिथेही लावता येत नाही. अशा हॉस्पिटलात उपचार झाले असतील, तर ‘आमचे दर खोलीच्या वर्गानुसार बदलत नाहीत’ असं लेटरहेडवर लिहून घ्या आणि ते कंपनीला जोडा. कापलेली रक्कम परत मागायला एवढा कागद पुरतो.

अजून एक बारीक गोष्ट. मर्यादेतल्या ‘खोलीभाड्या’त अनेक पॉलिस्या नर्सिंगचे पैसेही धरतात. खोली ३,६०० ची आणि नर्सिंग ७०० म्हणजे तुम्ही ४,००० च्या वर गेलात, आणि दाखल करताना काउंटरवर हे कोणी सांगत नाही.

हे सगळं कुठे वाचायचं? प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यावं लागतं, त्याला कंपन्या ‘सीआयएस’ म्हणतात. दोन-चार पानांचं असतं, मागितलं तर मराठीतही मिळायला हवं. पैसे भरण्याआधी ते मागा आणि खोलीभाडं, को-पे, सब-लिमिट (ठरावीक उपचारांवरची मर्यादा), प्रतीक्षा कालावधी (आधीच्या आजारांना क्लेम मिळायला थांबावं लागतं तो काळ) एवढ्या ओळी दोन्ही कंपन्यांच्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम’ असं लिहिलं असेल तर साधारण चालेल. खोलीवर मर्यादाच नसेल तर उत्तम. टक्क्यात मर्यादा असेल आणि विमा रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर ती पॉलिसी आम्ही सुचवणार नाही.

झोनचं थोडक्यात: छोट्या शहराच्या दराने हप्ता भरला आणि उपचार मोठ्या शहरात घेतले, तर काही पॉलिस्यांमध्ये बिलाचा ठरावीक टक्का तुमच्यावर येतो. अवघड ऑपरेशनला तुम्ही मुंबई-पुण्यालाच जाणार असाल, तर हप्ता तिथल्या झोनचा भरा.

प्रश्न : वर्षाला बारा-पंधरा हजारांच्या वर झेपणार नाही. तेवढ्यात मोठं कव्हर कसं बसवायचं?

मूळ पॉलिसी ५ लाखांची ठेवा आणि वर सुपर टॉप-अप घ्या. स्वस्त असण्याचं हे रास्त कारण आहे: पहिले पाच लाख सुपर टॉप-अपवाली कंपनी देणारच नाही, तिचं काम त्यापुढे सुरू होतं. एवढं मोठं बिल क्वचित होतं, म्हणून हप्ता कमी.

नाव मात्र नीट वाचा. ‘टॉप-अप’ आणि ‘सुपर टॉप-अप’ या वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, मूळ पॉलिसी ५ लाख, वरच्या पॉलिसीचं डिडक्टिबल (जिच्या पुढेच ती पॉलिसी पैसे देते ती रक्कम) ५ लाख, आणि एकाच वर्षात घरात ४-४ लाखांची दोन बिलं झाली. पहिलं बिल मूळ पॉलिसीने भरलं, दुसऱ्यापैकी तिच्याकडे १ लाख उरला होता, तो दिला. राहिले ३ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो. कुठलंच बिल ५ लाखांच्या वर नाही, म्हणून तो एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, ८ लाख झाले, म्हणून तो ३ लाख देतो. दोघांच्या हप्त्यात फरक थोडा असतो, कामात मात्र जमीन-अस्मानाचा.

दोन्ही पॉलिस्या एकाच कंपनीच्या असण्याची सक्ती नाही, पण असल्या तर कागद एकदाच द्यावे लागतात. वेगळ्या असतील तर पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि हॉस्पिटलने साक्षांकित केलेल्या प्रती दुसरीला लागतात. त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशीच बिलाच्या दोन साक्षांकित प्रती घेऊन ठेवा, नंतर रेकॉर्ड रूमच्या चकरा पडतात. सुपर टॉप-अपमध्येही खोलीभाड्याची अट असू शकते, ती तिथेही तपासा.

प्रश्न : चार वर्षांपासून मधुमेहाची गोळी चालू आहे. एजंट म्हणतो, फॉर्मवर लिहू नका, पाच वर्षं झाली की कंपनी काही विचारू शकत नाही. खरं आहे का?

अर्धं खरं, आणि तेवढंच धोक्याचं. पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण नाही. रोज गोळी घेत असताना ‘मधुमेह आहे का?’ या रकान्यात ‘नाही’ लिहिणं याला कंपनी दुसरं काय म्हणेल? आणि ती पाच वर्षं आजारपण कोणी थांबवून धरायचं?

हे पकडलं कसं जातं तेही सांगतो. दाखल होताना ड्युटीवरचा डॉक्टर नातेवाइकाला विचारतो, आधीचे काही आजार? नातेवाईक सरळपणे सांगतो, आणि केसपेपरवर ओळ पडते: ‘के/सी/ओ डीएम, ४ वर्षं’. म्हणजे मधुमेह असल्याचं माहीत असलेला रुग्ण. तीच ओळ डिस्चार्ज समरीत उतरते. टीपीएचा, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा, माणूस बिलाआधी ती ओळ वाचतो. इथे उलटही घडतं: गडबडीत कोणीतरी ‘दहा-बारा वर्षांपासून असेल’ असं बोलून जातं आणि नुकताच निघालेला आजारही पॉलिसीच्या आधीचा ठरतो. म्हणून इतिहास सांगायचं काम घरातल्या माहीतगार माणसाकडे द्या आणि समरी हातात आली की ती ओळ वाचा. चूक असेल तर डिस्चार्जआधी, जुने रिपोर्ट दाखवून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच दुरुस्त करून घ्या. नंतर केलेल्या दुरुस्तीकडे संशयानेच बघितलं जातं.

आजार लिहिल्याने काय होईल? हप्त्यावर काही टक्के लोडिंग, म्हणजे जादा आकार, लागेल, किंवा मधुमेह आणि त्यातून उद्भवणाऱ्या आजारांना थांबावं लागेल, जास्तीत जास्त ३६ महिने. तेवढ्या काळात डेंग्यू झाला, हाड मोडलं, तर क्लेम मिळतोच. थोडा जादा हप्ता घेऊन हा काळ कमी करून देणाऱ्या पॉलिस्याही आहेत. मधुमेह आहे म्हणजे त्या बघाच.

भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत येते. एजंटने तुमच्या परस्पर काय टिकमार्क केलंय ते त्यात दिसतं. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती कळवा, किंवा ती नको असेल तर परत करा. क्लेम केलेला नसेल तर गेलेल्या दिवसांचा हप्ता, तपासणीचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी वजा करून पैसे मिळतात.

प्रश्न : वडील ७१, आई ६३. दोघांना आमच्याच फ्लोटरमध्ये घेतलं तर स्वस्त पडेल ना?

नाही. फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीचा, हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. ७१ चे वडील आत आले की तुमचा आणि मुलांचा हिशेबही त्या वयाने होतो. शिवाय त्यांच्या एका मोठ्या आजारपणात सगळ्यांची विमा रक्कम संपू शकते. आईवडिलांची पॉलिसी वेगळी ठेवा.

वडिलांचं काम मात्र सोपं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे. आधार लागतं, कार्डाचं नाव ‘आयुष्मान वय वंदना’. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. महाराष्ट्रात त्याखेरीज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख, आणि आता रेशनकार्डाचा रंग आड येत नाही. आईसाठीही ती उपयोगी पडेल. दोन्ही योजना फक्त त्यांच्या यादीतल्या हॉस्पिटलांत आणि यादीतल्या उपचारांनाच चालतात. म्हणून घराजवळचं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते आत्ताच बघून ठेवा. तिथे ‘आरोग्यमित्रा’चं टेबल असतं, चौकशी तिथे करायची.

आईसाठी खासगी पॉलिसी घ्यायची तर को-पे असलेली चालेल. खोलीभाड्याची मर्यादा नको आणि को-पे चालेल, असं का म्हणतो? २० टक्के को-पे असेल तर २ लाखांच्या मंजूर बिलात ४० हजार आपले, हे आधीच माहीत असतं आणि तशी तजवीज करता येते. खोलीभाड्याची कात्री किती चालेल ते डिस्चार्जच्या दिवशीच कळतं. आणि साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी, म्हणजे ‘इर्डा’शी, सल्लामसलत करावी लागते. हा नियम जानेवारी २०२५ चा.

प्रश्न : कंपनीकडून मेडिक्लेम आहे. वेगळा कशाला?

नोकरी सुटली की तो सुटतो, आणि चाळिशीनंतर नवी पॉलिसी घेताना प्रतीक्षा कालावधी शून्यापासून सुरू होतो. हप्ता झेपत नसेल तर कंपनीच्या कव्हरइतकं डिडक्टिबल ठेवून नुसता सुपर टॉप-अप घ्या. राजीनामा दिलात तर शेवटच्या दिवसाआधी एचआरला लेखी विचारा की याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. तसं गेलात तर पुरी केलेली प्रतीक्षा वाया जात नाही.

प्रश्न : ‘आरोग्य संजीवनी’ कशी आहे?

ही प्रमाणित पॉलिसी, एप्रिल २०२० पासून. सगळ्या कंपन्यांकडे अटी त्याच, फक्त हप्ता वेगळा. त्यामुळे खऱ्या अर्थाने किंमत शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येईल अशी ही एकच. अटी अशा: प्रत्येक क्लेमला ५ टक्के को-पे, खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० च्या आत, आयसीयू ५ टक्के, १०,००० च्या आत, मोतीबिंदूला एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,०००, यांत जे कमी ते. दाखल होण्याआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरले जातात.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे ५,००० च्या आत स्वतंत्र खोली मिळते, तिथे पहिली पॉलिसी म्हणून चांगली. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात याच पाच हजारांपायी वर सांगितलेली कात्री लागेल. आणि विमा रक्कम वाढवली तरी पाच हजारांची हद्द हलत नाही, हे विसरू नका.

प्रश्न : सध्याची पॉलिसी महाग झाली. दुसरीकडे पोर्ट केली तर आधीची वर्षं जातील का?

जात नाहीत, पण जुन्या विमा रकमेपुरतीच मोजली जातात. ३ लाखांवरून १० लाखांवर गेलात, तर वरच्या ७ लाखांना प्रतीक्षा नव्याने. अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्या. नवी कंपनी नाकारू शकते, विशेषतः नुकतं मोठं आजारपण झालं असेल तर. म्हणून तिचा होकार लेखी येईपर्यंत जुनीचं नूतनीकरण थांबवू नका. तारीख हुकली तर वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात भरलंत तर जुने फायदे टिकतात, पण मधल्या दिवसांत दाखल झालात तर क्लेम नाही.

आधी एक करून बघा: सध्याच्याच कंपनीकडे डिडक्टिबल घेतलं तर हप्ता किती उतरतो ते विचारा. पुष्कळदा पोर्ट करायची गरजच उरत नाही.

प्रश्न : कॅशलेस नाकारलं. पैसे भरून डिस्चार्ज घेतला. आता काय?

कॅशलेस म्हणजे कंपनीने हॉस्पिटलचं बिल थेट भरणं. ते नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नव्हे. आता परताव्यासाठी कागद द्या: डिस्चार्ज समरी, तपशीलवार अंतिम बिल, पावत्या, औषधांची बिलं आणि त्या त्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट, रद्द केलेला चेक. इम्प्लांट बसवलं असेल तर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर. ते हॉस्पिटलच्या फाइलमध्ये राहतं आणि तेवढ्यासाठी क्लेम अडकतो. अपघात असेल तर एमएलसीची, म्हणजे हॉस्पिटलने केलेल्या मेडिको-लीगल नोंदीची, प्रत. किती दिवसांत द्यायचे ते पॉलिसीत लिहिलेलं असतं.

पुढच्या वेळेसाठी: कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचं बंधन मे २०२४ पासून कंपन्यांवर आहे. तीन तासांहून उशीर झाला आणि त्यापायी हॉस्पिटलने जादा भाडं लावलं, तर ते कंपनीने भरायचं. हॉस्पिटलने फाइल किती वाजता पाठवली ते टीपीए डेस्कवरून लिहून घ्या, कारण बरेचदा उशीर तिथेच झालेला असतो.

हातमोजे, मास्क, डायपर, किडनी ट्रे असल्या वस्तू बहुतेक पॉलिस्या देत नाहीत. त्या कापल्या तर वाद घालण्यात अर्थ नाही. पण पूर्ण क्लेम नाकारला असेल तर पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम लिहिलेलं हवं, आणि कंपनीच्या क्लेम समितीच्या संमतीशिवाय नकार देता येत नाही. यातलं काही नसेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज पोचला पाहिजे.

प्रश्न : हप्त्यावरचा जीएसटी खरंच गेला का?

हो. वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य, आधी १८ टक्के होता. कंपनीमार्फतच्या ग्रुप पॉलिसीवर मात्र आहे. हप्त्यावरची आयकर वजावट, जी ‘८० डी’ म्हणून ओळखली जाते, जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि हप्ता रोख भरला असेल तर तिथेही नाही. एजंटच्या हातात रोख देऊ नका.